सिंगल स्पीड / फिक्सीला ब्रेक कोणता लावावा?

एकदात:
मंडळी, एक सिंगल स्पीड (बिनगिअरची सायकल) जुळवतोय. स्टीलची ट्रॅक टाईप फ्रेम आहे, मागचं एक्सल बसायच्या खाचा आडव्या आणि मागून उघड्या, हब फ्लिप फ्लॉप म्हणजे एका बाजूला फिक्स्ड कॉग (दातेरी चकती, चाक फिरलं की पेडल फिरतंच, तीच फिक्सी) आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील (पाय थांबले तरी चाक फिरत राहतं). पुढे ४८ दात, मागे दोन्हीकडे १६. हँडल बुलहॉर्न, म्हणजे शिंगांसारखं पुढे वळलेलं. सध्या ब्रेक एकही नाही. चिमट्याला (पुढचं चाक धरणारा फोर्क) वर ब्रेकचं भोक आहे, मागच्या ब्रिजलाही (मागच्या चाकावरची आडवी नळी) आहे. सायकल सुटसुटीत दिसावी म्हणून एकच ब्रेक लावायचा विचार आहे, आणि तो मागे लाव असं घरच्यांचं म्हणणं, कारण पुढचा दाबला की माणूस उलटा होतो. कॅलिपरमध्ये (रिमला दोन्हीकडून दाबणारा ब्रेक) पण ड्युअल पिव्हट, सिंगल पिव्हट, शॉर्ट रीच, लाँग रीच इतके प्रकार दिसतायत की डोकं गरगरायला लागलंय. त्यात एक जण म्हणाला कोस्टर हब (उलटं पेडल मारून लागणारा ब्रेक) टाक, वायरची भानगडच नको. वापर रोजचा, ऑफिसला जायचं यायचं, वाटेत एक बऱ्यापैकी मोठा उतार आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

नटबोल्ट:
पहिला प्रश्न, चालवणार कुठल्या बाजूने? फिक्स्ड की फ्रीव्हील? निम्मं उत्तर तिथेच ठरतं.

एकदात:
आधी फिक्स्ड शिकायचंय, कंटाळा आला की चाक फिरवून फ्रीव्हील. म्हणूनच फ्लिप फ्लॉप घेतलं ना.

नटबोल्ट:
मग एकच ब्रेक मागे लावायचा विचार आत्ताच सोडून द्या. सविस्तर लिहितो.

ब्रेक दाबला की सायकल आणि माणूस दोघांचं वजन पुढच्या चाकावर ढकललं जातं. मागचं चाक जितकं हलकं होतं तितकी त्याची रस्त्यावरची पकड कमी, म्हणजे तुम्ही जितका जोरात ब्रेक मारू बघाल तितका मागचा ब्रेक निकामी होत जातो, थोडं जास्त दाबलंत की चाक लॉक होऊन नुसतं घसरतं. पुढच्या चाकाचं बरोब्बर उलटं, गरज जितकी जास्त तितकी पकड जास्त. साध्या सायकलवर पुढच्या ब्रेकने अर्ध्या जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या) आसपास वेग कमी करता येतो, त्यापुढे मागचं चाक उचलायला लागतं. नुसत्या मागच्याने कोरड्या रस्त्यावर त्याच्या निम्मं मिळालं तरी पुष्कळ. आता ताशी ३० किमी धरा. अर्ध्या जीने थांबायला ७ मीटर लागतात, निम्म्याने १४. आणि यात मेंदूला कळून बोटं हलेपर्यंत जो एखादा सेकंद जातो ना त्याचे ८ मीटर धरलेलेच नाहीत.

उलटा होण्याबद्दल: होतं, पण कधी, तर हात ढिले सोडून, शरीर पुढे झुकलेलं असताना कचकन लिव्हर आवळली तर. बूड थोडं मागे, कोपरं ताठ रोवलेली, आणि लिव्हर एकदम न दाबता वाढवत वाढवत दाबायची. वळणात आणि खडीवर मात्र पुढच्याला जपून हात लावायचा, तिथे पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही.

आता तुमचं उत्तर. फिक्स्ड चालवताना पुढे एक चांगला ब्रेक हवाच, मागचं काम पाय करतात. फ्रीव्हील चालवताना पुढे आणि मागे दोन्ही हवेत, कारण फ्रीव्हीलवर पाय उलटे फिरवून काहीच होत नाही, एक वायर तुटली की तुम्ही ब्रेकशिवाय. दोन्ही बाजूंनी चालवायचं म्हणताय, म्हणजे दोन ब्रेक. फ्रेमला दोन्हीकडे भोकं आहेत, देवाने दिलंय तर वापरा.

मूकवाचक:
वाचनखूण साठवली. +१

उघडाबोडका:
इतकं घाबरवू नका हो नवीन माणसाला. फिक्सीला ब्रेक म्हणजे उगाच लोंबकळणाऱ्या वायरी. ट्रॅकवर जगभर कोणीही ब्रेक लावत नाही, जपानमध्ये केइरीनवाले (ट्रॅकवरच्या सायकल शर्यतीतले) ताशी ७० किमीने पळतात ब्रेकशिवाय. पायात जोर आणि स्किड (पाय लॉक करून मागचं चाक घसरवणं) करता यायला पाहिजे. मी ब्रेकलेसच चालवतो, समोर लांबवर बघून चालवलं की ब्रेक लागतच नाही.

आटेसुलटे:
@उघडाबोडका, ट्रॅकवर ब्रेक का नसतात ते पण सांगा की. तिथे समोरून रिक्षा येत नाही, कोणी गाडीचं दार उघडत नाही, कुत्रं आडवं जात नाही, सगळे एकाच दिशेने जाणारे आणि सगळेच फिक्स्डवर. तिथे एकाने अचानक ब्रेक मारला तर मागचे सगळे त्याच्यावर चढतील, म्हणून ट्रॅकवर ब्रेक लावायला बंदी आहे. म्हणजे ब्रेक नसणं हा तिथला सुरक्षेचा नियम. तोच रस्त्यावर आणला की अर्थ उलटा होतो.

आणि स्किडचं म्हणाल तर स्किड करायला तुम्ही काय करता? हँडलवर झुकता, मागचं चाक हलकं करता, मग पाय लॉक करता. म्हणजे जे चाक थांबवणार त्याच्यावरचंच वजन काढून घेता. शिवाय घासणाऱ्या टायरची पकड फिरणाऱ्या टायरपेक्षा कमी. दिसायला भारी, थांबायला सगळ्यात लांबचा रस्ता.

एकदातसाठी अजून एक. ४८/१६ वर स्किड शिकायच्या भरीला पडू नका, टायर फुकट जाईल. पुढचे दात भागिले मागचे दात हा अपूर्णांक पूर्ण छोटा करायचा, खाली जो आकडा उरतो तितक्या जागी टायर घासला जातो. ४८/१६ म्हणजे ३/१, खाली १ उरला. पाय दर वेळी त्याच ठिकाणी लॉक केला तर दर वेळी टायरची तीच जागा जमिनीवर, आळीपाळीने दोन्ही पायांनी केलं तर फार तर दोन जागा. थोड्याच दिवसात तिथे दोरे दिसायला लागतील. ४६/१६ केलं तर २३/८, म्हणजे ८ जागा आणि दोन्ही पायांनी १६. ४७/१७ ला १७ जागा. एक दात इकडे तिकडे केला की टायरचं आयुष्य कुठल्या कुठे जातं.

उघडाबोडका:
गणित छान आहे. पण वर्षानुवर्षं चालवणारे लोक आहेत त्यांचं काय?

चढउतार:
त्यांची चेन अजून तुटलेली नाही इतकंच. ब्रेकलेसवर तुम्ही आणि रस्ता यांच्यामध्ये एक चेन, एक कॉग, एक लॉकरिंग (कॉगला जागेवर धरणारी कडी) आणि पायातला पट्टा आहे, यातलं काहीही एक गेलं की ब्रेक गेला. चेन ढिली होऊन उतरली, गेला. पेडलच्या पट्ट्यातून पाय निसटला, गेला, आणि ते फिरणारं पेडल वर नडगीवर बसतं. लॉकरिंग नसेल किंवा नीट आवळली नसेल तर उलटा जोर लावला की कॉग हबवरून सुटायला लागतो. म्हणून तर लॉकरिंगला उलटे आटे असतात, कॉग सुटायला लागला की तो लॉकरिंगला आणखी आवळतच जातो. साध्या फ्रीव्हीलच्या हबवर कॉग चढवून फिक्स्ड केलेल्या सायकली फिरतात, त्यात हे उलटे आटेच नसतात, अशा सायकलवर पुढचा ब्रेक नसेल तर मी बसणार पण नाही.

आणि उताराचं काय? एकदातच्या वाटेत उतार आहे. ४८/१६ ला पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ६.३ मीटर जाते. ताशी ४० किमीला मिनिटाला १०५ च्या आसपास फेरे, ५० ला १३० च्या वर. नवीन माणसाचे पाय १३० ला नुसते उडतात, रोखणं तर लांबच राहिलं.

नटबोल्ट:
कायद्याचं पण एक वाक्य. ब्रिटनमध्ये १९८३ च्या नियमांप्रमाणे पुढच्या आणि मागच्या चाकाला स्वतंत्र ब्रेक लागतो, फिक्स्ड असेल तर मागचं चाक त्यात धरलं जातं पण पुढचा ब्रेक हवाच. जपानमध्ये तर फिक्स्ड हा ब्रेक म्हणून धरतच नाहीत, रस्त्यावर दोन्ही चाकांना ब्रेक पाहिजे आणि ताशी १० किमी वरून ३ मीटरच्या आत थांबता आलं पाहिजे. म्हणजे ज्या केइरीनचं उदाहरण दिलंत त्याच देशात तीच सायकल रस्त्यावर चालत नाही. २०१६ मध्ये लंडनला पुढचा ब्रेक नसलेल्या ट्रॅक सायकलची धडक बसून एक पादचारी महिला दगावली, पुढच्या वर्षी चालवणाऱ्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली आणि ती १८६१ च्या, घोडागाड्यांच्या जमान्यातल्या कायद्याखाली.

उघडाबोडका:
बरं बाबांनो, तुम्ही जिंकलात. मी माझ्या जबाबदारीवर चालवतो, नवीन माणसाला सल्ला देत नाही. पुढचं होऊ दे.

निळीघंटी:
मी काही वर्षं फ्लिप फ्लॉप चालवते आहे, दोन्ही ब्रेक लावून. फिक्स्डवर पुढच्या ब्रेकचा एक फायदा कोणी लिहिला नाही. पुढचा जोरात दाबताना मागचं चाक हलकं व्हायला लागलं की ते पायाला कळतं, पेडल एकदम मोकळं, पोकळ लागतं. म्हणजे मर्यादा आली, थोडं सोडा. फ्रीव्हीलच्या सायकलवर हे कळायला चाक उचलायलाच लागतं.

दुसरं लिव्हरबद्दल. बुलहॉर्नवर लोक मधे स्टेमजवळ (हँडल धरणारा तुकडा) ती छोटी क्रॉस लिव्हर लावतात कारण सुबक दिसते. पण गर्दीत तुमचे हात कुठे असतात? शिंगांवर पुढे. ब्रेकसाठी हात मधे आणायचा म्हणजे वेळ गेला, आणि हात मधे आले की हँडल डळमळतं. लिव्हर जिथे हात असतात तिथे पाहिजे. बुलहॉर्नच्या टोकात आत घुसवून बसवायची लिव्हर मिळते किंवा शिंगाच्या वळणावर रोडची साधी लिव्हर बसवता येते. माझी बोटं लहान आहेत, मला लिव्हर हँडलपासून किती लांब आहे हे फार महत्त्वाचं, जिला आत घ्यायचा छोटा स्क्रू असतो तीच घ्या. आणि नळीचा व्यास मोजल्याशिवाय लिव्हर घेऊ नका. सपाट हँडलची लिव्हर २२.२ मिमीला असते, ड्रॉप हँडलची २३.८ ला, बुलहॉर्न दोन्हीत येतात.

एकदात:
बापरे, केवढी माहिती. एकाच वेळी दोन प्रश्न. कोस्टरचं काय ते कोणीच बोललं नाही. आणि रीच म्हणजे नक्की काय मोजायचं?

आटेसुलटे:
कोस्टरवर मी लिहितो, मोजमाप नटबोल्ट सांगतील.

कोस्टर म्हणजे मागे पेडल मारलं की हबच्या आत ब्रेक लागतो. कल्पना जुनी, फिख्टेल अँड सॅक्सचा टॉर्पेडो हब १९०३ चा. पावसात काही फरक पडत नाही, वायर नाही, देखभाल जवळजवळ शून्य. सपाट रस्त्यावर शांतपणे चालवायला मस्त आहे. पण हा मागचाच ब्रेक आहे, त्यामुळे वर जे मागच्या चाकाचं रामायण झालं ते सगळं याला लागू. चेन उतरली की हा पण गेला. थांबल्यावर पेडल मागे फिरवून सोयीचं आणता येत नाही, आणि क्रँक उभे असताना ब्रेक मारायची वेळ आली तर जोरच लागत नाही, आडवे असले तरच लागतो. आणि लांब उतारावर तापतो. कॅलिफोर्नियात मरिन काउंटीमध्ये १९७६ पासून एका डोंगरउतारावर जुन्या कोस्टरवाल्या सायकलींच्या शर्यती व्हायच्या, खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर यायचा आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून नव्याने ग्रीस भरावं लागायचं, त्यावरून त्या शर्यतीचं नावच रिपॅक पडलं. तुमच्या उतारावर इतकं काही होणार नाही, पण पुढे हाताचा ब्रेक असल्याशिवाय कोस्टर नको. हबमधून निघणारा लांब दांडा चेनस्टेला (पेडलकडून मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची नळी) क्लिपने घट्ट बांधलेला असायलाच हवा, तो मोकळा राहिला तर ब्रेक मारताच हबच्या एक्सलसकट फिरतो. शिवाय तुमच्याकडे आधीच फ्लिप फ्लॉप चाक आहे, ते टाकून नवीन विणून घ्यायचं कशाला?

जाता जाता, ज्यांच्या फ्रेमला मागच्या खाचा उभ्या आहेत त्यांनी कोस्टर आणि फिक्स्ड दोन्हीचा नाद सोडावा. चेन ताणायला स्प्रिंगवाला टेन्शनर लागतो, आणि या दोन्हीत उलटा जोर लावला की खालची चेन ताठ होऊन टेन्शनर वाकवते. त्या फ्रेमला फ्रीव्हील आणि दोन रिम ब्रेक, विषय संपला.

नटबोल्ट:
रीच. कॅलिपरच्या बोल्टचं जे भोक आहे त्याच्या मध्यापासून रिमच्या ब्रेक लागायच्या पट्टीच्या मध्यापर्यंतचं अंतर. चाक बसवा, एक्सल नीट आवळा, चिमट्याच्या भोकातून पेन्सिल आरपार घाला आणि पट्टी चिमट्याला समांतर धरून खाली मोजा. मागे पण वेगळं मोजा, पुढचं आणि मागचं सारखं असेलच असं नाही. शॉर्ट रीच कॅलिपर ३९ ते ४९ मिमीला चालतो, मध्यम ४७ ते ५७ ला, त्यापुढे लाँग रीच. तुमचं माप ५२ आलं आणि तुम्ही देखणा शॉर्ट रीच उचलून आणलात तर पॅड टायरवर बसेल, रिमला पोचणारच नाही. उलटही करू नका, हवंय त्याहून लांब हातांचा कॅलिपर घेतला तर पॅड खाचेत वर सरकवून बसेल कदाचित, पण जितके हात लांब तितका जोर कमी. मापाला जो सगळ्यात छोटा बसतो तो घ्यायचा.

जुन्या फ्रेमवाल्यांसाठी: २७ इंची चाकाच्या जागी ७०० सी बसवलं तर रिम ४ मिमी आत जाते (६३० ऐवजी ६२२ चा व्यास), म्हणजे रीच ४ मिमीने वाढला. जुना ब्रेक तिथेच अपुरा पडतो.

ड्युअल की सिंगल: ड्युअल पिव्हट. कमी बोटांनी जास्त जोर आणि एका बाजूला कलंडत नाही. सिंगल पिव्हट जुन्या फ्रेमवर शोभतो म्हणून लावायचा असेल तर मागे लावा. बोल्ट पण बघून घ्या, हल्लीचे कॅलिपर चिमट्याच्या मागून आत जाणाऱ्या लांब नटवर आवळतात, त्याला मागच्या बाजूचं भोक ८ मिमीचं लागतं. जुन्या चिमट्यांना दोन्हीकडून ६ मिमीच असतं आणि बाहेर साधा नट. स्टीलचा चिमटा असेल तर मागचं भोक मोठं करून देणारे मिळतात. कार्बनच्या चिमट्याला ड्रिल लावायचा विचार स्वप्नात पण नको.

मूकवाचक:
मधेच घुसतो. माझ्या चिमट्याला भोकच नाही, अस्सल ट्रॅक चिमटा आहे. काय करू? आणि डिस्क बसेल का?

नटबोल्ट:
चिमट्याला कवटाळून बसणाऱ्या पट्ट्या मिळतात ज्यांना कॅलिपर लावता येतो, पण मला त्या आवडत नाहीत, जोरात ब्रेक मारला की थोड्या तरी सरकतात. भोकवाला चिमटा घेणं बरं. घेताना स्टिअरर (चिमट्याची फ्रेममध्ये वर जाणारी नळी) एक इंची आहे की एक पूर्णांक एक-अष्टमांश इंची ते बघा, आणि पुढे आलेला वाक आत्ताच्या चिमट्याइतकाच ठेवा नाहीतर वळताना बूट चाकाला लागेल. डिस्कला चिमट्यावर आणि फ्रेमवर तिचे कान वेल्ड केलेले लागतात, ते नंतर उगवत नाहीत. ड्रम ब्रेक हा एक पर्याय आहे, स्टर्मी आर्चरचे ७० आणि ९० मिमीचे हब मिळतात, पावसाळ्यात राजा आहे, पण जड, चाक नव्याने विणावं लागतं आणि बारीक ट्रॅक चिमट्याला तो पीळ झेपत नाही.

चढउतार:
सगळे कॅलिपरवर भांडतायत, मला विचाराल तर पैसे पॅड आणि वायरवर घाला. मध्यम कॅलिपरला चांगले पॅड आणि नवीन वायर, हे महाग कॅलिपर आणि सडक्या पॅडच्या वरचढ थांबतं.

पॅड आधी रिम बघून. कडेची पट्टी मशीनने घासलेली, चंदेरी ॲल्युमिनियमची असेल तर उत्तम. फिक्सीवाल्यांची आवडती ती उंच रंगीत रिम असते ना, तिच्या ब्रेकच्या पट्टीवर पण रंग असतो. त्यावर ब्रेक मारला की आधी गुळगुळीत घसरतो, मग रंग पॅडला चिकटतो, मग रिमवर चट्टेपट्टे. निदान पुढचं चाक तरी घासलेल्या पट्टीचं घ्या. क्रोमच्या स्टील रिमचं पावसात काय होतं ते आपल्या आधीच्या पिढीला विचारा. पावसात चालवणार असाल तर ते विटकरी गुलाबी रंगाचे कूल स्टॉपचे पॅड लावा, ओल्यात चांगले धरतात आणि रिम कमी खातात.

पॅड मधूनमधून काढून बघायचा. काळ्या रबरात चमकणारे चंदेरी कण रुतलेले दिसतील, ते रिमचेच तुकडे असतात आणि तेच परत रिमला ओरबाडतात, ब्रेक मारला की खर्र आवाज येतो तो त्यांचा. सुईच्या टोकाने एकेक उकरायचे आणि पॅडचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने हलका घासायचा.

वायर: ब्रेकची आतली वायर १.५ किंवा १.६ मिमीची आणि बाहेरची आऊटर (वायरवरचं नळीसारखं आवरण) गुंडाळलेल्या पट्टीची असते. गिअरची आऊटर घरात पडलीये म्हणून ब्रेकला लावू नका. तिच्यात तारा लांबीला समांतर असतात, ब्रेकच्या जोराने फाटून बाहेर येतात आणि तेही नेमकं सगळ्यात जोरात दाबताना. आऊटर कापल्यावर टोक कानशीने सपाट करा. आणि वायर तुटते ती बहुतेक वेळा लिव्हरच्या आत, डोक्यापाशी, जिथे दिसत नाही. लिव्हर पूर्ण दाबून आत डोकावायचं, एक जरी तार सुटलेली दिसली तर त्याच दिवशी बदलायची.

आटेसुलटे:
सहमत. भर घालतो, लिव्हर आणि ब्रेकची जोडी जुळली पाहिजे. व्ही ब्रेकला (चाकाच्या दोन्ही बाजूंना लांब उभे हात असलेला) वायर जास्त ओढावी लागते, कॅलिपरला कमी. व्ही ब्रेकची लिव्हर कॅलिपरला लावली तर दाबताना दगडासारखी घट्ट लागते, लोकांना वाटतं काय कडक ब्रेक आहे, प्रत्यक्षात जोर निम्माच पोचतो. उलट केलं तर लिव्हर हँडलला टेकते आणि पॅड जेमतेम रिमला शिवतात.

निळीघंटी:
मागच्या ब्रेकबद्दल एक, फक्त आडव्या खाचा असणाऱ्यांसाठी. चेन ताणायला चाक मागे सरकवलं की रिम मागे जाते पण पॅड जागेवरच राहतो, त्यामुळे पॅड रिमवर वर वर, टायरच्या दिशेला जातो. पाचेक मिमी सरकवलं तर दोनेक मिमी फरक पडतो. चेन झिजत जाते, आपण चाक मागे घेत जातो आणि एक दिवस पॅड टायरची बाजू कापायला लागतो. म्हणून चेन ताणली की लगेच पॅड बघायचा. फ्रीव्हील आणि कॉगचे दात वेगळे असतील तर चाक पलटल्यावर पण हेच. एकदातचे दोन्हीकडे १६ आहेत ते बरं आहे.

एकदात:
सगळं मोजलं. पुढे ४८, मागे ५३ मिमी, म्हणजे पुढे शॉर्ट बसतो पण काठावर. दोन्हीकडे मध्यम रीचचे ड्युअल पिव्हट घेतले, पॅड विटकरी, लिव्हर शिंगांच्या टोकात घुसणाऱ्या. हँडलची नळी २३.८ निघाली. पुढची लिव्हर उजव्या हाताला ठेवली कारण मोटरसायकलवर पण पुढचा तिथेच असतो. आणि मागचा कॉग १७ चा करून टाकला, ४८/१७ (चढाला पण बरं). फ्रीव्हील १६ च ठेवलंय, त्यामुळे निळीघंटी म्हणतात ते पॅडचं बघावं लागणार. आता एकच तक्रार, पुढचा ब्रेक असा किंचाळतो की अख्खा रस्ता वळून बघतो.

उघडाबोडका:
घंटीचे पैसे वाचले 😄

चढउतार:
पॅड रिमला एकदम सपाट टेकत असणार. पॅडचं पुढचं टोक, म्हणजे सायकल जाते त्या दिशेचं, आधी टेकलं पाहिजे आणि मागच्या टोकाला जाड कागदाएवढी फट राहिली पाहिजे. पॅडचा नट ढिला करा, मागच्या टोकाखाली व्हिजिटिंग कार्डाचा दुमडलेला तुकडा ठेवा, लिव्हर दाबून धरा आणि नट आवळा. तिथेच असताना पॅडचा धारक बघा, सरकवून बदलायचे पॅड असतील तर धारकाची बंद बाजू पुढे हवी. उलटा बसवलात तर ब्रेक मारताना रिम पॅडला पुढे ओढून बाहेर काढते. रिम पण स्पिरिटने पुसा, नव्या रिमवर तेलकट थर असतो.

एकदात:
गेला आवाज! एक धारक खरंच उलटा होता. आता शेवटचा प्रश्न, बोल्ट किती आवळायचे? टॉर्कचा पान्हा मिळालाय एकाकडून.

नटबोल्ट:
कॅलिपरचा मधला बोल्ट ८ ते १० न्यूटन मीटर, वायर पकडणारा ६ ते ८, पॅडचे ५ ते ७. आवळून झालं की रस्त्यावर जायच्या आधी उभ्या सायकलवर दोन्ही लिव्हर पूर्ण ताकदीने दहा-बारा वेळा दाबा. वायर सरकायची असेल तर तिथेच सरकेल, आऊटर बसायची ती बसेल आणि लिव्हर थोडी ढिली लागेल, मग बॅरल अ‍ॅडजस्टरने (वायर ताणायचा हाताने फिरवायचा स्क्रू) ओढून घ्या. वायरचं उरलेलं टोक ४-५ सेमी ठेवून कापा, वर टोपी दाबा, नाहीतर तारा फिसकटून पुढच्या वेळी वायर ओवताच येत नाही. नवे पॅड पहिले काही दिवस थोडे कमी धरतात, तो मोठा उतार तेवढ्यात सावकाश घ्या.